काटकसर कोणासाठी?

काटकसर हा सद्गुण आहे, ह्याविषयी कोणी वाद घालीत नाही. उपदेशक ती शिकवितो, शाळामास्तर ती शिकवितो, आणि सावकारदेखील आपले पैसे वसूल होईपर्यंत तीच शिकवितो. परंतु त्याच्या पोटी एक प्रश्न आहे, तो मात्र क्वचितच विचारला जातो. आणि तोच आज आम्ही आमच्या वाचकांपुढे, विशेषेकरून खेड्यांतील मंडळ्यांची सेवा करणाऱ्या बंधुभगिनींपुढे ठेवू इच्छितो. जे राखिले ते कोणासाठी राखिले? एका घरी पोटास चिमटा घेऊन दोन पोती धान शिल्लक टाकिले आहे. अडचणीचे दिवस आले, पण ते प्रथम शेजारच्या घरी आले. आता त्या दोन पोत्यांवर शेजाऱ्याचा काही हक्क आहे काय, की ती सर्वस्वी राखणाऱ्याचीच? "अर्थात हक्क आहे" असे म्हणणे व्यासपीठावरून फार सोपे आहे. "नाही" म्हणणारा मनुष्य निष्ठुरच असतो असेही नाही. त्यालाही लेकरे आहेत, आणि पुढल्या वर्षीचा पाऊस त्याने पाहिलेला नाही.

प्रश्न केवळ हवेत राहू नये म्हणून भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर व त्याभोवतालची खेडी आपण डोळ्यांपुढे घेऊ. नागपुराहून भंडाऱ्यास जाणाऱ्या मोठ्या रस्त्यानजीक हे गाव आहे. १९६४ साली येथे केंद्र सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, आणि त्याबरोबर कामगारांची वसाहतही वसली. २०२१ सालापासून हा कारखाना सरकारी कंपनीच्या ताब्यात आहे. तेव्हा येथे दोन तऱ्हेचे संसार एकमेकांस लागून चालतात. वसाहतीतल्या घरी महिन्याच्या महिन्यास पगार येतो. कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याच्या घरी वर्षातून एकदा, कार्तिक-मार्गशीर्षात, धान येते. पगारदाराची काटकसर तीस दिवसांची, तर शेतकऱ्याची तीनशे पासष्ट दिवसांची. एकास महिनाअखेरीस तंगी भासते, दुसऱ्यास आषाढापासून भाद्रपदापर्यंत. आणि ज्याला ना पगार ना बांधी, अशा मजुराच्या घरी तर काटकसरीचा हिशेब संध्याकाळी सुरू होतो व सकाळी संपतो. ह्या तिघांस एकच उपदेश करणारा मनुष्य तिघांपैकी एकाच्याही घरी जेवलेला नसावा असे आम्हांस वाटते.

आषाढ-श्रावणाचे संकट ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. परे वाढलेले असतात, चिखलणी चालू असते, रोवणीस माणसे लावावी लागतात, खत आणावे लागते. म्हणजे खर्च सर्वांत अधिक. आणि त्याच वेळी ढोलीतले धान तळास गेलेले असते. कर्ज होते ते ह्याच दोन महिन्यांत. जुन्या मध्यप्रांतात धान उसने देण्याची जी रीत होती तिची नावे वृद्धांच्या तोंडी अजूनही ऐकू येतात: सवाई आणि दिढी. चार पायल्या नेल्या तर कापणीस पाच परत करावयाच्या, ही सवाई. चाराच्या सहा करावयाच्या, ही दिढी. आषाढात उचललेले धान मार्गशीर्षात फेडावयाचे, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांत दिढीने निम्मे अधिक जात असे. असे धान देणारा मनुष्य पुष्कळदा शेजारीच असे, आणि तो उत्तम काटकसरी असे. येथेच आपल्या प्रश्नाची पहिली गाठ आहे. त्याने राखिले म्हणून त्याच्यापाशी होते, हे खरे. पण त्याने जे राखिले ते दुसऱ्याच्या उपाशी दिवसांची वाट पाहत राखिले असेल, तर त्यास काटकसर म्हणावे काय? आम्ही म्हणणार नाही. तो व्यापार होय. व्यापार करण्यास हरकत नाही, परंतु त्याने काटकसरीचा अंगरखा घालून मंडळीत पुढच्या रांगेत बसू नये.

घरातली काटकसर कशी करावी हे आमच्या भगिनींस शिकविण्याचा आव आम्ही आणीत नाही. त्यांना ते आमच्याहून अधिक कळते. तांदूळ चार चार वेळा चोळून धुवू नये, भाताची पेज ओतून न देता मुलांस द्यावी, कारण तांदळातले पुष्कळ सत्त्व त्या पाण्यातच उतरते. परसात एक मुनग्याचे झाड असावे, त्याच्या शेंगांइतकाच पालाही मोलाचा आहे. पहिल्या पावसाने तरोटा उगवतो, तो फुकट असतो म्हणून हलका समजू नये. उन्हाळ्यात वांग्याच्या फोडी, सांडगे वाळवून ठेवावे. इतके पुरे.

परंतु एका काटकसरीविषयी मात्र सविस्तर लिहिणे अवश्य आहे. आमच्या धानाच्या मुलुखात कापणीपूर्वी उभ्या धानातच लाखोळी पेरतात. बांधीतल्या उरल्या ओलीवर ती येते. नांगरट नको, पाणी नको, खत नको. दुष्काळातही ती येते, आणि म्हणूनच दुष्काळात तिचाच आधार घेतला जातो. थोडीशी, इतर अन्नाबरोबर, खाल्ली तर ती डाळच आहे. पण दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न होऊन बसली, आणि त्यात शरीर आधीच कृश असले, तर तिच्यातील विषाने पायांच्या नसा जातात. धडधाकट मनुष्य प्रथम काठीवर येतो, मग रांगू लागतो, आणि गेलेले पाय सहसा परत मिळत नाहीत. भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर विष पुष्कळ कमी होते. परंतु उपाशी घरी तितका धीर, तितके सरपण, आणि उन्हाळ्यात तितके पाणी तरी कोठून असावे? १९६१ साली कायद्याने ह्या डाळीच्या विक्रीस बंदी घालण्यात आली होती. तिकडे विंध्याच्या बाजूस, रीवा भागात, वेठीच्या गड्यांस मजुरी म्हणून हीच डाळ देण्याची चाल होती, आणि तेथे कैक गडी पंगू झाले. धनी काटकसर करीत होता. पाय गड्याचे गेले.

ही गोष्ट आम्ही केवळ आरोग्याच्या सूचनेसाठी सांगितली नाही. तिने आपल्या प्रश्नाची दुसरी बाजू उघडी पडते. काटकसरीत कोणी ना कोणी कमी खातो. तो कोण? हे विचारल्यावाचून कोणत्याही घराच्या काटकसरीची स्तुती करू नये. आमच्या घरांतून पुष्कळदा असे चालते की यजमान जेवतात, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटी सून जे उरले ते पातेल्याला पुसून खाते; आणि बाहेर सर्वजण म्हणतात, "काय नीटनेटका संसार!" त्या नीटनेटकेपणाची किंमत ती बाई बाळंतपणी देते. तिने आपखुशीने उपास केला असे कोणी म्हणेल. असेलही. परंतु जिला दुसरा मार्गच नाही तिच्या खुशीविषयी बोलण्यात अर्थ नाही. आमचे मत स्पष्ट आहे: तंगीच्या दिवसांत घरातल्या कर्त्या पुरुषाची विडी, त्याचा चहाचा अड्डा, मोबाईलचा दुसरा रिचार्ज, ही प्रथम बंद व्हावी. आणि ती बंद होण्यापूर्वी मुलीचे दूध व सुनेची भाकरी ह्यांस हात लागू नये. लग्नाचा मांडव व बँड तर त्याहूनही आधी. ऋण काढून सण करू नये असे आपण म्हणतो खरे, आणि तरी चैत्र-वैशाखात कर्ज काढून दिलेले जेवण आषाढात सून आपल्या पोटातून फेडीत असते.

आता शेजाऱ्याकडे वळू. ज्याच्यापाशी थोडेच आहे त्यानेही द्यावे काय? शास्त्रातली सारफथच्या विधवेची गोष्ट आमच्या वाचकांस पाठ आहे. ती आम्हांस नेहमी अवघड वाटत आली आहे, कारण मडक्यात एका मुठीहून अधिक पीठ नसताना एलीयाने तिच्याजवळ प्रथम स्वतःसाठी भाकर मागितली. उपदेशात आपण शेवट सांगतो, पीठ सरले नाही म्हणून सांगतो. पण चुलीपाशी उभ्या असलेल्या त्या बाईला शेवट कोठे दिसत होता? म्हणून ही गोष्ट दुसऱ्या गरिबाच्या अंगावर फेकून त्याच्याकडून देणगी काढणे आम्हांस पसंत नाही. ती प्रत्येकाने स्वतःस विचारावी.

तथापि विवेकाने काही भेद करता येतात. घरातले सर्व धान एकाच जातीचे नसते. एक बियाण्याचे धान. ते आजचे अन्नच नव्हे, ते पुढच्या वर्षीचे शेत आहे. शेजारी उपाशी असता बियाणे दळून दिले तर पुढील आषाढात दोन घरे उपाशी राहतील. म्हणून ते न देणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. दुसरे, कापणीपर्यंत पुरावयाचे खाण्याचे धान. ह्यातून देणे म्हणजे आपल्या ताटातले देणे, आणि ते ज्याचे त्याने आपल्या घरच्या माणसांस विचारून द्यावे. कर्त्याने परस्पर उदार होऊन बायकोस उपाशी ठेवू नये. तिसरे, भाव चढेल म्हणून ठेविलेले धान. ह्या तिसऱ्यावर, शेजारच्या घरी चूल पेटली नसताना, शेजाऱ्याचा हक्क आहे असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. दान म्हणून नको असेल तर उसने द्यावे, परंतु चाराचे चारच परत घ्यावे.

आणि मूठभर देणे हे तर सर्वांनाच शक्य आहे. ईशान्येकडील मिझोराम प्रांतातील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० च्या सुमारास एक रीत पाडली: स्वयंपाकास तांदूळ घेताना त्यातली एक मूठ निराळ्या भांड्यात टाकावयाची, आणि ते तांदूळ मंडळीच्या कामास द्यावयाचे. ती रीत तेथे शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. आमच्या महाराष्ट्रातही कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढिली, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांस असाच मुष्टिफंडाचा आधार मिळाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी तर मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने मोडले. ह्या दोन उदाहरणांत आम्हांस जे आवडते ते हे की मूठ शिजविण्याआधी काढली जाते. जेवण झाल्यावर उरले तर देऊ असे म्हणणाऱ्याच्या घरी कधीच काही उरत नाही. शिवाय ती काढणारी घरातली बाई असते, तेव्हा देण्याचा मान तिला मिळतो. घरातील इतर सर्व देणग्या पुरुषाच्या नावे लागतात हे आमच्या वहीवरून कोणीही पाहावे.

येथे आजकालच्या एका गोष्टीविषयी लिहिणे भाग आहे, कारण आमच्या गावोगावच्या भगिनी तिच्यात सापडल्या आहेत. शेजारधर्माचे नाव घेऊन शेजारधर्म मोडणारी अशी ती गोष्ट आहे. बचत गट निराळा. त्यात बाया आपलाच पैसा दरमहा जमवितात, त्यातूनच एकमेकींस कर्ज देतात, आणि व्याज फिरून त्यांच्याच पेटीत येते. महाराष्ट्रात अशा गटांचे काम महिला आर्थिक विकास महामंडळ करीत आले आहे. ते १९७५ साली स्थापन झाले. परंतु बाहेरून येऊन जे कर्ज वाटले जाते, ज्याचा हप्ता आठवड्यास किंवा पंधरवड्यास असतो, आणि ज्यात पाच-दहा बाया एकमेकींस जामीन असतात, त्याची तऱ्हा वेगळी. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरावयाचा. नियम वाचावयास उत्तम वाटतो. पण रोवणीच्या दिवसांत एकीचे मूल आजारी पडले, मजुरी बुडाली, हप्ता राहिला, की संध्याकाळी तिच्या दारात कोण बसते? कर्ज देणारा नव्हे. तिच्याच शेजारणी बसतात, कारण ती देईपर्यंत त्यांना घरी जाता येत नाही. जिने काल मीठ उसने दिले ती आज शिपाई होते. मग ती बाई दुसऱ्या ठिकाणाहून कर्ज काढून पहिल्याचा हप्ता भरते. सहा महिन्यांनी त्या गल्लीत कोणी कोणाच्या घरी बसावयास जात नाही.

ह्या बायांनी काय करावे? कर्ज घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही; पिकासाठी पैसा लागतो. परंतु पीककर्ज गावच्या सेवा सहकारी सोसायटीतून किंवा बँकेतून घ्यावे. मुदतीत फेडले तर तीन लक्षांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज पडू नये अशी सवलत महाराष्ट्र शासनाने २०२१ सालापासून दिली आहे. वही न्यावी, तारीख लिहून ठेवावी. आणि जामीन राहण्यापूर्वी शेजारणींनी आपसांत आधीच ठरवावे की एकीवर खरोखर संकट आले तर आपण हप्ता वर्गणीने भरू, पण तिच्या दारात बसणार नाही. इतके ठरविण्याचे धैर्य नसेल तर जामीन राहू नये.

देण्याविषयी इतके लिहिले. घेण्याविषयी कोणी लिहीत नाही. वास्तविक अधिक कठीण तेच आहे. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांतातील कैक घराणी, भिक्षा मागावयाची नाही म्हणून, दार लावून आत मेली, असे जुन्या लोकांकडून ऐकण्यात येते. पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई ह्या प्रांतात फिरल्या आणि अनाथ मुली व विधवा ह्यांस आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. ज्यांना त्यांनी नेले त्यांना पुढे सूत, शिवण, शेती, छापखाना असे काम दिले. हे काम देणे म्हणजे केवळ उद्योगशीलता नव्हती; घेणारीला आपण काहीतरी परत देत आहो असे वाटावे ह्यासाठीही त्याचा उपयोग होता. १९७२ च्या महाराष्ट्रातील दुष्काळातही लोकांनी फुकट धान्याऐवजी काम मागितले, आणि त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली.

हल्ली सरकारी धान्य पुष्कळ घरी येते. प्राधान्य कुटुंबांस माणशी दरमहा पाच किलो, अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो. आणि १ जानेवारी २०२३ पासून त्याचे दाम पडत नाही. ह्या धान्याची लाज बाळगण्याचे कारण नाही, कारण ते कोणाची मेहेरबानी नसून कायद्याने ठरलेले आहे. लाज वाटते ती शेजाऱ्याकडून घेताना, कारण शेजारी ते लक्षात ठेवतो. म्हणून देणाऱ्याने विसरावे ह्यात शेजारधर्माचे निम्मे काम आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा नागपूर-रायपूर रस्त्याने परप्रांतीय मजूर पायी घराकडे चालले होते. वाटेवरच्या लोकांनी त्यांना जेवू घातले. ती माणसे पुन्हा भेटण्याचा संभव नव्हता, म्हणून ते देणे मोकळ्या हाताने झाले असेही कोणी म्हणेल. ज्याचे तोंड रोज सकाळी विहिरीवर पाहावयाचे आहे त्याला देऊन विसरणे हे त्याहून अवघड. त्यात देतेवेळी छायाचित्र काढून ते गावभर फिरविण्याची जी नवी खोड लागली आहे, तिने तर घेणाऱ्याचे ओझे दुप्पट होते. आमच्या मंडळ्यांतून तिला थारा नसावा.

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला व आठ कामगार मृत्यू पावले. अशा वेळी नुकसानभरपाई, चौकशी, कागदपत्रे ही सर्व आपल्या चालीने येतात, आणि ती यावीच. परंतु ज्या घरी प्रेत आले त्या घरी त्या रात्री चूल पेटत नाही. आपल्याकडे जुना रिवाज आहे की अशा घरी शेजाऱ्यांनी भाकरी पोचवावयाची, मुले आपल्या घरी निजवावयाची, गुरांस वैरण घालावयाची. पगारदार असो की मजूर, त्या दिवशी दोन्ही घरे सारखीच रिकामी असतात. ह्या रिवाजात एक शहाणपण आहे: भाकरी मागावी लागत नाही, आणि परत करावी लागत नाही, कारण पुढे कधीतरी प्रत्येक घराची पाळी येतेच. मृत्यूच्या वेळी जे आपण इतक्या सहजतेने करतो ते उपासमारीच्या वेळी का करीत नाही? आम्हांस वाटते त्याचे कारण हे की मृत्यू कोणाचा दोष समजला जात नाही, आणि गरिबी समजली जाते. "त्याने राखिले असते तर" हे वाक्य आपल्या ओठांवर तयार असते. कधीकधी ते खरेही असते. उडवून बसलेला मनुष्य प्रत्येक गावी एखादा असतोच. पण त्याची लेकरे काही उडवून बसलेली नसतात.

कित्येक गोष्टी एकट्या घराच्या काटकसरीने साधतच नाहीत, हेही विसरू नये. भंडाऱ्याच्या मुलुखात पूर्वजांनी हजारो तळी बांधली, त्यांत कोहळी लोकांचे कसब मोठे. मालगुजारी असेतोवर पाळ नीट ठेवणे, गाळ काढणे ही कामे गावाकडून होत, पुष्कळदा वेठीने होत, ते आम्ही चांगले म्हणत नाही. १९५१ साली मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नाही असे झाले. तळी गाळाने भरली. आता एखाद्या शेतकऱ्याने घरी कितीही तांदूळ राखिला तरी पाळ फुटली तर त्याचे परे शेजाऱ्याच्या पऱ्ह्यांबरोबरच सुकतात. २०१७ पासून शासन तळ्यातला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना चालवीत आहे. ज्या गावी लोक एकत्र बसले तेथेच गाड्या लागतात.

म्हणून प्रत्येक मंडळीने कापणीनंतर एक लहानशी धान्यकोठी करावी अशी आमची सूचना आहे. दर घराने ऐपतीप्रमाणे एक-दोन पायल्या टाकाव्या. आषाढात ज्यास लागेल त्याने न्यावे, मार्गशीर्षात तितकेच परत आणावे. न आणता आले तर एक वर्ष थांबावे. उंदीर व ओल ह्यांपासून राखण्यास ढोली जमिनीपासून हातभर उंच, शेणामातीने लिंपलेली असावी, आणि धान चांगले वाळवून भरावे. ख्रिस्ती व अख्रिस्ती असा भेद तिच्यात करू नये, कारण भूक तसा भेद करीत नाही. किल्ली कोणाजवळ असावी ह्यावर पुष्कळ ठिकाणी वाद होईल. पाळकाजवळ नसावी, पंचांजवळ नसावी, सर्वांत जास्त टाकणाऱ्याजवळ तर मुळीच नसावी. गेल्या वर्षी जिने त्या कोठीतून धान नेले होते व परत आणले, अशा एखाद्या बाईजवळ ती द्यावी. मागावयास येणाऱ्याचे पाय उंबऱ्याबाहेर किती वेळ अडखळतात हे तिला ठाऊक असते.